प्राध्यापक सध्या नेमकं कशावर काम करतात, हे कसं शोधावं

एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करायचं असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरच्या 'संशोधनाची आवड' या रकान्यावर विसंबू नका. तो बऱ्याचदा रुजू होताना भरलेला असतो आणि पुढे कोणी हात लावत नाही. 'कर्करोग' एवढाच शब्द असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधन निबंधांची ऑनलाइन सूची, उघडा. आधी आडनाव, मग आद्याक्षरं टाका आणि गेल्या पाच वर्षांची चाळणी लावा. एकाच नावाचे दहा जण निघाले तर संस्थेचं नाव जोडा. चाळणी काढून मागचं कामही शोधायचं असेल, तर एक गोची आहे: 2014 पूर्वीच्या नोंदींत फक्त पहिल्या लेखकाची संस्था असायची, त्यामुळे जुने निबंध गळतात. ऑर्किडचा (ORCID, म्हणजे प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) सोळा अंकी क्रमांक मिळाला तर ही कटकट बरीच कमी होते.

आता लेखकांचा क्रम बघा. वैद्यकीय निबंधांत शेवटचं नाव सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. मधल्या नावाचा वाटा निव्वळ रुग्णांचे नमुने पुरवण्याइतकाही असू शकतो. म्हणून शेवटचं नाव असलेले तीन-चार निबंध निवडा आणि सारांशावर न थांबता 'पद्धती' वाचा. दोन प्राध्यापकांचा विषय मधुमेहच असेल, पण एक उंदरांवर प्रयोग करतो आणि दुसरा रुग्णालयातल्या नोंदींची आकडेमोड. तुमचे पुढचे दिवस कसे जाणार, ते इथेच ठरतं.

मग त्या प्राध्यापकांना लिहायचा ईमेल दहा ओळींच्या आत बसवा. एका निबंधातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारा. 'आपलं कार्य प्रेरणादायी आहे' हे वाक्य सरळ खोडा.