महापालिकेचे खटले चालवायला बाहेरचा वकील नेमताना या चुका टाळा

परवानगीशिवाय चढवलेला मजला, रस्त्यावर आलेला ओटा, विनापरवाना तोडलेले झाड, न वटलेला घरपट्टीचा चेक. यातले काहीही कोर्टात गेले की फिर्यादी महापालिका असते आणि उभा राहतो पॅनेलवरचा, म्हणजे पालिकेने यादीवर नेमलेला बाहेरचा वकील. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ९ फेब्रुवारी १९९८ रोजी अस्तित्वात आली. तेव्हापासून तीन गावांचा कारभार एक झाला, पण कोर्टाच्या तारखा सांगलीच्या वेगळ्या नि मिरजेच्या वेगळ्या. सगळीकडे धावायला विधी विभागाची माणसे पुरत नाहीत, म्हणून बाहेरचे वकील लागतातच. यातले बरेच खटले कोर्टाची पायरी चढण्याआधीच कागदावर हरलेले असतात, कारण कुणी कोणत्या तारखेपर्यंत काय द्यायचे हे नेमणुकीच्या पत्रात लिहिलेलेच नसते. पत्रात एकच ओळ असते: "आपली पॅनेलवर नियुक्ती करण्यात येत आहे."

खटला नेमका कोण चालवणार?

अतिक्रमण विभागाने पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला आणि पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले, तर तो खटला सहायक सरकारी अभियोक्ता चालवतात. त्यांचा पगार राज्य सरकार देते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३८ प्रमाणे पॅनेलच्या वकिलाने तिथे अभियोक्त्यांच्या सूचनेनुसारच काम करायचे असते. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देता येतो, इतकेच. अशा प्रकरणात पूर्ण खटल्याची फी मंजूर करणे म्हणजे न होणाऱ्या कामाचे पैसे देणे. करारात 'सहाय्य' आणि 'खटला चालवणे' या दोन कामांचे दर वेगळे ठेवा.

महापालिकेने थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद दिली, तरच वकिलाचे पूर्ण काम सुरू होते. तिथे पहिली ठेच सहीला लागते. फिर्याद करण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८१ प्रमाणे आयुक्तांकडे आहे. कनिष्ठ अभियंता किंवा प्रभाग अधिकारी सही करणार असेल, तर कलम ६९ खाली अधिकार दिल्याचा लेखी आदेश हवा आणि त्याची प्रत फिर्यादीसोबतच लावलेली हवी. बेकायदा बांधकामाची फिर्याद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली असेल तर कलम १४२ ची पूर्वमंजुरीही लागते. मंजुरीची तारीख फिर्यादीच्या तारखेच्या आधीचीच असली पाहिजे. फिर्याद सोमवारी आणि मंजुरी गुरुवारी, असे झाले की आरोपीच्या वकिलाला वेगळे काही करावे लागत नाही.

हे झाले महापालिकेचे. शेजारच्या साताऱ्यात नगरपरिषद आहे, तिथे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागतो आणि अधिकार मुख्याधिकाऱ्यांकडे असतात. सांगलीच्या फिर्यादीचा नमुना उचलून त्यात फक्त गावाचे नाव बदलले, तर कलमे महापालिकेची आणि फिर्यादी नगरपरिषद असा कागद तयार होतो. जुन्या नमुन्यांचा दुसरा धोका: १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम २२३ प्रमाणे कोर्टाने फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, त्यामुळे फिर्यादीच्या आणि कागदांच्या जादा प्रती पहिल्याच दिवशी तयार ठेवाव्या लागतात. त्याआधी सुरू झालेल्या आणि अजून चालू असलेल्या खटल्यांना मात्र जुनीच संहिता लागते. वकिलाला दोन्ही नीट माहीत आहेत का, हे मुलाखतीतच विचारून घ्या.

सर्वांत कमी दराचा वकील

रस्त्याच्या खडीचे दर मागवावेत तसे वकिलांचे दर मागवायचे आणि सर्वांत कमी दराला काम द्यायचे, ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. कमी फीत दहा फाईली घेतलेला वकील त्या ज्युनिअरकडे देतो आणि ज्युनिअर तारखा घेत राहतो. दर पालिकेने स्वतः ठरवून जाहीर करावेत आणि स्पर्धा कामाच्या दर्जावर व्हावी. बयाणा रक्कम मागायचेही कारण नाही.

सरकारी वकिलांच्या नेमणुका पारदर्शक आणि वस्तुनिष्ठ निकषांवर व्हाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या एका प्रकरणात सांगितले आहे. पालिकेनेही तोच दंडक पाळावा. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, म्हणून सूचना पालिकेनेच काढायची. ती संकेतस्थळावर, सूचनाफलकावर आणि सांगली व मिरजेच्या वकील संघटनांकडे किमान १५ दिवस ठेवा. अर्जासोबत सनदेची प्रत आणि स्वतः साक्षीपुरावा नोंदवलेल्या दहा फौजदारी प्रकरणांची यादी मागा, प्रत्येकाचा १६ अक्षरी सीएनआर (कोर्टाने प्रत्येक प्रकरणाला दिलेला ओळख क्रमांक) देऊन. सीएनआर असला की कोर्टांच्या ई-कोर्ट संकेतस्थळावर दोन मिनिटांत खात्री होते. 'वीस वर्षांचा अनुभव' या ओळीची तशी खात्री करता येत नाही.

गुण देताना शंभरातले ४० साक्षीपुराव्याच्या अनुभवाला, २० निकालपत्रांना, २५ मुलाखतीला आणि १५ कार्यालयीन व्यवस्थेला ठेवावेत. मुलाखतीत भाषण ऐकू नका. नाव झाकलेली एक खरी फाईल द्या, अर्धा तास द्या, आणि यात काय कमी आहे ते लिहून मागा. ज्याला मंजुरीच्या तारखेतली चूक सापडते तो वकील हवा.

हितसंबंध तपासणे तर बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. सांगलीसारख्या गावात वकिलांचे वर्तुळ लहान, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. सकाळी पालिकेच्या बाजूने उभा राहणारा वकील दुपारी त्याच बांधकाम व्यावसायिकाच्या दुसऱ्या दाव्यात पालिकेविरुद्ध उभा असू शकतो. ई-कोर्टवर वकिलाच्या नावाने शोध घ्या आणि पालिका प्रतिवादी असलेली प्रकरणे बघा. वकिलाचे भागीदार आणि त्याच कार्यालयातले सहकारी यांच्याबद्दलही लेखी घोषणा घ्या, ती दर सहा महिन्यांनी नव्याने घ्या, आणि नवीन फाईल देताना प्रत्येक वेळी आरोपीचे नाव कळवून 'हरकत नाही' असे लेखी मिळवा.

फी: दर तारखेला पैसे दिले तर तारखाच मिळतात

तारखेप्रमाणे फी ठेवली की खटला लांबतो. सगळी फी दाखल करतानाच दिली की दाखल झाल्यावर कुणी फिरकत नाही. निकालावर फी ठेवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांनाच ते मान्य नाही. उरतो टप्प्यांचा मार्ग. उदाहरणादाखल: फिर्याद दाखल होऊन क्रमांक पडला की २५ टक्के, आरोपीवर समन्स बजावले गेले की १५, पालिकेचे सगळे साक्षीदार तपासून झाले की ३५, युक्तिवादानंतर १५, आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल व अपिलाबाबत लेखी मत हातात आले की शेवटचे १०. सर्वांत मोठा वाटा साक्षीपुराव्याला ठेवा, कारण खरी मेहनत तिथे असते आणि चालढकलही तिथेच होते.

प्रत्येक बिलाला रोजनाम्याची (त्या तारखेला कोर्टात काय झाले त्या नोंदीची) प्रत जोडलेली असावी. वकिलांनी पालिकेला दिलेली कायदेविषयक सेवा जीएसटीतून मुक्त आहे, तेव्हा वकिलाच्या बिलात १८ टक्के दिसले तर बिल दुरुस्तीला परत पाठवा. वर्षाची फी ५०,००० रुपयांवर गेली की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. आणि बिल वेळेवर द्या. दोन-दोन वर्षे बिल थकवून ठेवायचे आणि वर वकील लक्ष देत नाही म्हणून तक्रार करायची, हे न्यायाचे नाही.

मुदत: सर्वांत जास्त नुकसान इथेच होते

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे केवळ दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष, आणि एक ते तीन वर्षे कैदेच्या गुन्ह्याला तीन वर्षे, इतक्या मुदतीतच कोर्ट दखल घेते. विनापरवाना फलकाचा गुन्हा १९९५ च्या विद्रूपीकरण कायद्याखाली असतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत, म्हणजे मुदत एक वर्ष. फाईल आरोग्य विभागातून मालमत्ता विभागात आणि तिथून विधी विभागात फिरता फिरता ते वर्ष सरते. कायद्यात स्वतःची वेगळी मुदत दिली असेल तर तीच आधी बघायची.

चेकची प्रकरणे तर दिवसांवर चालतात. समजा घरपट्टीचा ४८,५०० रुपयांचा चेक परत आल्याचा बँकेचा मेमो ४ मार्चला मिळाला. तिथून ३० दिवसांत, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत, मागणीची नोटीस निघाली पाहिजे. नोटीस २० मार्चला पाठवली आणि २४ मार्चला मिळाली, तर पैसे भरायला १५ दिवस, ८ एप्रिलपर्यंत. ९ एप्रिलला फिर्यादीचे कारण घडते आणि तिथून एक महिन्यात फिर्याद दाखल व्हावी लागते. करारात ही तारीख ९ मे अशी न लिहिता ३० एप्रिल लिहा, म्हणजे सुट्ट्या आल्या तरी धावपळ होणार नाही.

नोटिशीतली नेहमीची चूक आकड्याची. मागची सगळी थकबाकी, शास्ती आणि चेकची रक्कम एकत्र करून एकच मोठा आकडा मागितला जातो. चेकची रक्कम जशीच्या तशी, वेगळी मागितलेली असली पाहिजे. बाकीच्या थकबाकीची नोटीस स्वतंत्र काढा. फिर्याद कुठे करायची हे पालिकेचे खाते ज्या शाखेत आहे त्यावरून ठरते. चेक मिरजेच्या कार्यालयात भरला आणि खाते सांगलीच्या शाखेत असेल तर तिथेच हमखास घोळ होतो.

म्हणून नेमणुकीच्या करारात दिवस लिहा: फाईल मिळाल्यावर ७ दिवसांत उणिवांची यादी, उणिवा भरून दिल्यावर १० दिवसांत मसुदा, सही झाल्यावर ३ दिवसांत दाखल. विभागालाही बंधन घाला. मुदतीचा एक तृतीयांश काळ संपण्याआधी फाईल वकिलाकडे गेली पाहिजे, पानांवर क्रमांक टाकून आणि पोच घेऊन.

पंचनामा आणि फोटो

'अंदाजे दहा फूट अतिक्रमण' असे लिहिलेला पंचनामा उलटतपासणीत पाच मिनिटेही टिकत नाही. टेप कुठून कुठे धरला, सिटी सर्व्हे नंबर कोणता, मंजूर नकाशात सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) किती आणि जागेवर किती, हे मीटरमध्ये लिहा. दोन्ही पंच पालिकेचेच कर्मचारी नसावेत. मोबाइलवर काढलेला फोटो कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे, त्याला अ आणि ब असे दोन भाग आहेत, ब भाग तज्ज्ञाने भरायचा आणि फाईलचे हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लिहायचे. फोटो काढणाऱ्याने मोबाइल बदलला की सगळे अडते. तेव्हा प्रमाणपत्र त्याच आठवड्यात करून घ्या, आणि कोणी करायचे ते करारात लिहा.

२०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत मूळ मोजणी नकाशे तळमजल्याच्या कपाटात ठेवू नयेत. मूळ कागद वरच्या मजल्यावर, वकिलाकडे प्रत, आणि स्कॅन दोघांकडे.

'फिर्यादी गैरहजर'

रोजनाम्यातली ही एक ओळ चार वर्षांची मेहनत संपवते. समन्स खटल्यात (कमी शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात) फिर्यादी आला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७९ प्रमाणे त्याला हजर राहायला ३० दिवस देऊन कोर्ट आरोपीला निर्दोष सोडू शकते. बदली झालेला अभियंता तारखेला येत नाही आणि त्याच्या जागी आलेल्याला प्रकरण माहीत नसते. प्रत्येक फाईलला दोन जबाबदार अधिकारी नेमा. तारीख लागली की त्याच संध्याकाळी वकिलाने पुढची तारीख आणि पुढचे काम कळवायचे, आणि पेशीच्या तीन दिवस आधी साक्षीदाराची तयारी करून घ्यायची. कागद तयार करणारा अधिकारी बदलून गेला किंवा निवृत्त झाला असेल, तर त्याच संहितेच्या कलम ३३६ प्रमाणे त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याची साक्ष त्या कागदावर घेता येते. हा अर्ज वकिलाने वेळेत द्यायचा असतो आणि तो बऱ्याचदा राहतो.

निकालानंतर

आरोपी सुटला तर फिर्यादी लोकसेवक असल्यास उच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागायला सहा महिने मिळतात. निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज गेला पाहिजे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली आणि साताऱ्याची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, तरी जुन्या करारांत मुंबईचा वकील आणि मुंबईचा प्रवासखर्च तसाच असतो. ते कलम बदलून घ्या आणि कोल्हापूरसाठी स्वतंत्र यादी करा.

वकील बदलताना

मुदत संपली किंवा काम काढून घेतले तर कागद किती दिवसांत परत द्यायचे, हे करारात हवे. सात दिवस पुरेसे आहेत. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. पालिकेनेही झालेल्या टप्प्यांचे पैसे त्याच सात दिवसांत चुकते करावेत. हस्तांतराच्या यादीत प्रत्येक प्रकरणाचा सीएनआर, पुढची तारीख, झालेले आणि राहिलेले साक्षीदार, आणि मूळ कागद कोणाकडे आहेत हे चार रकाने ठेवा. नव्या वकिलाचे वकीलपत्र दाखल होऊन त्याची नोंद रोजनाम्यात दिसेपर्यंत जुन्या वकिलाला तारखेला हजर राहायला सांगा.