फायटरच्या पाठीला भाले असू देत

टिळकवाडीत शनिवारी आमचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसतो, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा खेळ. बाहेर पाऊस, मध्ये कुंद्याचा डबा. परवा एकाच्या फायटरचं, म्हणजे लढवय्या पात्राचं, सगळं बळ दोन हाती तलवारीत, आणि समोर उडणारा वायव्हर्न, ड्रॅगनसारखाच एक राक्षस! गडी तीन फेऱ्या नुसता आभाळाकडे बघत राहिला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत फायटरला गुणवाढ (ताकद, चपळाई असे गुण वाढवायची संधी) 7 वेळा मिळते, पात्रांच्या बहुतेक वर्गांना 5 वेळा. पातळी 4 आणि 6 ची वाढ मुख्य शस्त्रालाच घाला, तिथं काटकसर नको. लांबच्या माऱ्यासाठी मात्र फेकभालेच घ्या. ते ताकदीवर चालतात. धनुष्याला चपळाई लागते, ती अशा गड्याकडे कुठली? भाला 30 फुटांपर्यंत सरळ जातो, पुढं 120 पर्यंत दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा.

आमच्या गड्यानं आता पाच घेतलेत.