डीलरांची सोमवारची मीटिंग साध्या फोनवर कशी आणली

सांगलीत आमचा ठिबकच्या सामानाचा होलसेल धंदा. डीलर जत, आटपाडीकडचे. सोमवारी सगळ्यांशी भाव आणि स्टॉक बोलायचा असतो. मोबाइलवर कॉल मर्ज करून पाच-सहा जणांपलीकडे जाता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉलमध्ये ३२ जण मावतात, गूगल मीटच्या फुकट खात्यात तिघे किंवा जास्त असले तर ६० मिनिटं मिळतात. वेळ पुरतो हो, पण नेटच्या रेंजचं काय?

म्हणून साध्या कॉलवर चालणारी सेवा शोधली. पहिल्या कंपनीत नंबर लावून पिन दाबायचा होता. आमचे एक काका बटणांचा फोन वापरतात. समोर गिऱ्हाईक, काखेत लॅटरलचं (ठिबकच्या नळीचं) बंडल, पिन दाबणार कसे? शेवटचं हॅशचं (#) बटण राहायचं, की रेकॉर्डेड बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू!

मग उलटी सोय असलेली सेवा घेतली. ठरल्या वेळी तिकडूनच सगळ्यांना फोन जातो, उचलला की मीटिंगमध्ये. डीलरला खर्च नाही. बिल मात्र माणशी मिनिटावर लागतं का, हे आधी विचारा. वीस जण अर्धा तास म्हणजे ६०० मिनिटं होतात, आणि सेल्सवाले हे स्वतःहून बोलत नाहीत.

आत येताना सगळे म्यूट, ही सेटिंगही करून घेतली. कुणीतरी स्पीकरवर ठेवायचा आणि आपलाच आवाज घुमून परत यायचा, ते थांबलं. रेकॉर्डिंगचे पैसे वेगळे होते, ते घेतलं नाही. ठरलेले भाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, तेवढं पुरतं.