गिटारवर वेग अडतोय? आधी डावा हात तपासा, या चुका टाळा

वेग वाढत नाही म्हटलं की सगळे उजव्या हाताच्या मागे लागतात. मीही वर्षभर तेच केलं. दर महिन्याला नवं पिक (तार छेडायची छोटी चकती), कधी जाड, कधी पातळ. गडबड होती डाव्या हातात. मी तार दाबत नव्हतो, मुंडी मुरगाळत होतो! आणि डावा हात आवळला की खांदा आखडतो, मग उजवं मनगटही.

किती जोर लागतो ते एकदा मोजाच. तिसऱ्या तारेवर (सगळ्यात बारीक तार पहिली) ५व्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची, लांब दांड्यावरची, आडवी धातूची पट्टी) बोट नुसतं टेकवा आणि पिकने तार वाजवत राहा. आधी मुका ‘ठक ठक’ आवाज येईल. दाब कणाकणाने वाढवा. मग तार खरखरेल, आणि मग स्वच्छ सूर. तिथेच थांबा. बस, एवढाच जोर. मात्र बोट फ्रेटच्या पट्टीला मागून, म्हणजे खुंट्यांच्या बाजूने, अगदी खेटून हवं. दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलंत तर जास्त दाबावं लागतं. आता अंगठा मानेवरून पूर्ण काढून तोच सूर वाजवा. जमतंय ना? म्हणजे अंगठा फक्त टेकायला आहे, चिमटा काढायला नाही. (तार ओढून सूर चढवताना अंगठा मानेवरून वर आला तर हरकत नाही.)

एवढं करूनही दाबावं लागत असेल तर दोष वाद्याचा असू शकतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावल्यावर एकदम हलकं वाटलं, तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत. अकूस्टिक (बिनविजेच्या) गिटारवर १२व्या फ्रेटला जाड तार साधारण २.५ मिमीपेक्षा फार वर असेल तर दुरुस्तीवाल्याला दाखवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगतं आणि तारा वर येतात, तेव्हा जुलैत स्वतःलाच शिव्या घालू नका.

बोटांची टोकं चुरचुरणं सुरुवातीला ठीक. मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी वाद्य खाली. पुन्हा पुन्हा झालं तर डॉक्टर गाठा.

आता उजवा हात. खाली-वर, खाली-वर, सतारीवरच्या ‘दा रा दा रा’सारखं. एका तारेवर हे बहुतेकांना जमतं, घोळ होतो तार बदलताना. जी मेजर ही स्केल (सुरांची ठरलेली चढती रांग) घ्या, प्रत्येक तारेवर तीन सूर (आकडे फ्रेटचे): सहावीवर ३-५-७, पाचवीवर ३-५-७, चौथीवर ४-५-७. सहावीवर खाली-वर-खाली झालं की पाचवी ‘वर’ने सुरू होते, आणि तिचा शेवटचा फटकाही ‘वर’चाच. पण चौथीवर ‘खाली’ने उतरायचं आहे. पिक पाचवीच्या अलीकडे, जायचंय पलीकडे. मधे आलेली पाचवी ओलांडायची कशी? इथेच हात दचकतो आणि आपण आणखी जोर लावतो. उपाय जोरात नाही, तिरपेपणात आहे. ‘वर’चा फटका तारांमध्ये न अडकता किंचित हवेत सुटेल असा हात कलवा, म्हणजे ओलांडणं सोपं होतं. ‘खाली’च्या फटक्यानंतर तार बदलायची असेल तर कल उलट. हे दोन सूर, पाचवीवरचा शेवटचा आणि चौथीवरचा पहिला, एवढेच वेगळे काढून घोटा. अख्खी स्केल शंभरदा वाजवण्यापेक्षा हे बरं.

पिकचं टोक २-३ मिमीच बाहेर ठेवा. आणि मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून महिनोन्‌महिने बसू नका. हळू वाजवताना हात ऐसपैस फिरला तरी चालून जातं, वेगात तीच सवय नडते. अधूनमधून चार-सहा सुरांचा तुकडा झपकन वाजवून बघा, हात कसा हलतो ते लक्षात ठेवा आणि तीच हालचाल संथ करा.

दोष कुठल्या हाताचा ते कळत नसेल तर तोच फटक्यांचा क्रम मोकळ्या तारांवर वाजवा. गाडी सुसाट सुटली, तर पुन्हा डाव्या हाताकडे या.