जमीन किती घट्ट आणि पिकाला पाणी किती, दोन्ही एकाच दिवशी मोजा

पेनेट्रोमीटर (दांडा दाबून जमिनीचा घट्टपणा मोजणारे उपकरण) कोरड्या रानात खुपसला तर चांगली जमीनही दगडासारखे आकडे दाखवते, आणि चिखलात खरा घट्ट थर लपतो. भरपूर पावसानंतर एक-दोन दिवस, भारी जमिनीत आणखी एखादा दिवस थांबा. जास्तीचे पाणी निचरले की मोजा. दांडा सरळ धरून सेकंदाला साधारण ३ सेंमी अशा एकसारख्या गतीने दाबा; झटका दिला की आकडा फुगतो. काट्यावरचा दाब २ मेगापास्कलच्या पुढे गेला की बहुतेक पिकांची मुळे अडतात. काटा एकाच जागी उडाला तर खाली खडा असेल, हातभर सरकून पुन्हा मोजा. सगळीकडे एकाच खोलीवर चढला तर तो नांगरतळाचा थर, म्हणजे त्याच खोलीवर नांगरून नांगराखाली घट्ट झालेली माती. खड्डा घेऊन खात्री करा, तिथे मुळे आडवी वळलेली दिसतात.

त्याच वेळी ठरावीक आकारमानाची कडी ठोकून माती काढा, वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवा. कोरडे वजन भागिले आकारमान म्हणजे घनता. पीक कायमचे कोमेजते तेव्हाचा ओलावा प्रयोगशाळेतून घ्या (१५०० किलोपास्कलला).

सर्रास होणारी चूक म्हणजे ओलाव्याची वजनावरची टक्केवारी (वाळवताना उडालेले पाणी भागिले कोरडे वजन) घनतेने न गुणणे. निचऱ्यानंतर ओलावा २८ टक्के, कोमेजताना १४, घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंमी असेल, तर ३०० मिमी थरात ०.१४ × १.३ × ३०० = ५४.६ मिमी पाणी मिळते. मुळे घट्ट थरावरच थांबत असतील तर मात्र त्याखालचे पाणी या हिशेबात धरू नका.