३२ सेकंदांनी तुटणारा कॉल

ऑफिसमधला अ‍ॅस्टरिस्क पीबीएक्स (ऑफिसची फोन एक्स्चेंज प्रणाली) क्लाउडच्या सिप ट्रंकला (इंटरनेटवरून येणाऱ्या फोन लाइनला) जोडला, पण येणारा प्रत्येक कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कटतो? लाइनला दोष देऊ नका. कॉल उचलल्यावर पीबीएक्स '२०० ओके' (कॉल स्वीकारल्याचा संदेश) पाठवतो, पण त्यातल्या कॉन्टॅक्टमध्ये (पुढचे संदेश कुठे पाठवायचे ते सांगणाऱ्या ओळीत) १९२.१६८ असा ऑफिसच्या नेटवर्कपुरता आतला पत्ता असेल तर पलीकडची पोच परत येतच नाही. पीबीएक्स तेच उत्तर पुन्हापुन्हा पाठवतो आणि शेवटी कॉल सोडतो. पीजेसिपच्या (पीबीएक्समधल्या सिप भागाच्या) ट्रान्सपोर्ट सेटिंगमध्ये सिग्नलिंग (कॉल जोडणारे संदेश) आणि मीडिया (आवाज), दोन्हींसाठी बाहेरचा स्थिर आयपी भरा, लोकल नेटही (ऑफिसचे आतले नेटवर्क) नोंदवा. राउटरमधला सिप एएलजी (सिप संदेशांतले पत्ते आपोआप बदलणारा भाग) बंद करा. तो बहुतेकदा बिघडवतोच. मग अ‍ॅस्टरिस्क रीस्टार्ट करा, नुसता रीलोड सहसा पुरत नाही. आवाज एकतर्फीच येत असेल तर आरटीपीचे (आवाज वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचे) यूडीपी पोर्ट तपासा, साधारण १०००० ते २००००.