केस 'कापले' की 'कापून घेतले'? दुसऱ्याकडून केलेलं काम इंग्रजीत असं सांगा

मराठीत आपण अगदी सहज म्हणतो, काल मी केस कापले, दाढ काढली, डोळ्याचं ऑपरेशन केलं, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की कात्री काही आपल्या हातात नव्हती. हेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं की घोळ होतो. माझ्या ओळखीतल्या एकाने ऑफिसच्या कॉलवर सांगितलं, 'आय रिमूव्हड माय टूथ यस्टरडे', त्याला म्हणायचं होतं की काल दाढ काढलीये म्हणून आज जास्त बोलता येत नाहीये, तर पलीकडची बाई दोन सेकंद गप्पच झाली आणि मग काळजीने विचारलं, 'युवरसेल्फ?' ग्रामर बघायला गेलं तर वाक्यात एकही चूक नाही, फक्त अर्थ असा निघतो की पक्कड घेऊन दाढ स्वतःच उपटली.

त्याला म्हणायचं होतं ते असं: 'आय हॅड अ टूथ टेकन आउट.'

आधी स्वतःला विचारा, हात कोणाचे?

वाक्य बोलायच्या आधी एवढंच बघा की काम प्रत्यक्ष कोणी केलं. मी केलं असेल तर साधं वाक्य. कोणाकडून तरी करून घेतलं असेल, पैसे देऊन किंवा सांगून, तर इंग्रजीत ते वाक्यात दिसायला लागतं, मराठीसारखं समजून घ्या म्हणून सोडता येत नाही. फोटोचं उदाहरण घ्या. मी डोंगराचा फोटो काढला, तर 'आय टुक अ फोटो'. पण फॉर्मला लावायला स्टुडिओत जाऊन 'फोटो काढला' तर कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता, म्हणून 'आय हॅड माय फोटो टेकन'. मराठीत दोन्हीकडे 'फोटो काढला'च. सगळी क्रियापदं इतकी कडक नसतात हेही सांगतो, 'वुई बिल्ट अ हाउस' म्हटलं तर तुम्ही स्वतः विटा रचल्या असं कोणी धरून चालत नाही. पण शरीर, कपडे, गाडी, रिपेअरिंग यात गैरसमज पटकन होतो.

मग ही रचना लावा

हॅव, मग वस्तू, मग क्रियापदाचा थर्ड फॉर्म. 'आय हॅड माय शूज रिपेअर्ड.' वस्तू मधेच यायला पाहिजे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'आय हॅड माय हेअर कट' म्हणजे केस कापून घेतले, आणि 'आय हॅड कट माय हेअर' म्हणजे त्याच्या आधीच मी माझे केस कापले होते, पास्ट परफेक्ट झाला तो, आणि कात्री परत तुमच्याच हातात आली. शब्द तेच पाच, फक्त जागा बदलली.

एक सुचवतो, केसांचं उदाहरण सगळीकडे देतात पण सराव त्याच्यावर करू नका, कारण कटचे तिन्ही फॉर्म कट-कट-कट असेच आहेत, त्यामुळे आपण थर्ड फॉर्म वापरतोय हे डोक्यात बसतच नाही. टेक-टुक-टेकन किंवा राइट-रोट-रिटन घ्या.

काळ बदलायचा तर फक्त हॅव हलवा

थर्ड फॉर्मला हातच लावायचा नाही. दर सहा महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंग करून घेतो, 'आय हॅव माय कार सर्व्हिस्ड एव्हरी सिक्स मंथ्स'. सध्या घराला रंग लावून घेतोय, 'आय ॲम हॅविंग माय हाउस पेंटेड'. उद्या रक्त तपासून घेईन, 'आय विल हॅव माय ब्लड टेस्टेड'. प्रश्न विचारताना हॅड पुढे आणायचा नाही, डिड आणायचा: 'डिड यू हॅव युअर आइज चेक्ड?' नकारातही तसंच, 'आय डिडन्ट हॅव इट चेक्ड'.

बोलताना गेट वापरा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा

रोजच्या बोलण्यात हॅवच्या जागी गेट सर्रास चालतं, 'आय गॉट माय फोन रिपेअर्ड', 'गेट युअर आइज चेक्ड'. मला स्वतःला गेट जास्त आवडतं कारण ते आपल्या 'करून घेणे'च्या अगदी जवळचं आहे, इतकं की दोघांचा दुहेरी अर्थसुद्धा सारखा. 'मी अभ्यास करून घेतला' म्हणजे दुसऱ्याकडून नाही, स्वतःच बसून संपवला, बरोबर ना? 'आय गॉट माय होमवर्क डन' चाही अर्थ सहसा तोच, मीच उरकला. पण 'आय हॅड माय होमवर्क डन बाय माय ब्रदर' म्हटलं की भावाने केला हे उघड झालं. तेव्हा शंका असेल आणि दुसऱ्याने केलं हे स्पष्ट सांगायचं असेल तर हॅव घ्या. आणि मराठीतलं प्रत्येक 'घेतलं' दिसलं की ही रचना लावू नका, 'जेवून घेतलं' मधे कोणी दुसरा जेवलेला नाही.

माणसाचं नाव घ्यायचं असेल तर

इथे रचना बदलते कारण आता मधे वस्तू नाही, माणूस येतो, आणि पुढे क्रियापद साधं राहतं. 'आय हॅड हिम चेक द रिपोर्ट', त्याला सांगितलं आणि त्याने तपासला. 'आय गॉट हिम टू चेक द रिपोर्ट', इथे टू लागतोच, आणि थोडं पटवावं लागलं अशी छटा येते. 'आय मेड हिम चेक द रिपोर्ट' म्हणजे तपासायला लावला, त्याची इच्छा असो नसो. मेडनंतर टू लावायची सवय खूप जणांना असते, 'आय मेड हिम टू चेक', ते चूक आहे. टू येतो तो फक्त पॅसिव्हमधे, 'ही वॉज मेड टू वेट'. ऑफिसात सहकाऱ्याबद्दल बोलताना मेड जपून वापरा, ऐकणाऱ्याला जबरदस्ती वाटते.

चोरीला गेलेला फोन

हीच रचना नको असलेल्या गोष्टीलाही लागते. 'ही हॅड हिज फोन स्टोलन' म्हणजे त्याने फोन चोरून घेतला असं अजिबात नाही, त्याचा फोन चोरीला गेला. मुद्दाम करून घेतलं की नको असताना घडलं, हे वाक्याच्या अर्थावरून कळतं.

आता गेल्या महिन्यात तुम्ही दुसऱ्याकडून करून घेतलेली पाच कामं आठवा आणि मोठ्याने बोला, लिहून काढण्यापेक्षा बोलणं बरं कारण शब्दांची जागा जिभेला कळायला लागते. अडलात तर क्रियापदाऐवजी नाम (नाउन) वापरून सुटका करून घेता येते, 'आय गॉट अ हेअरकट', 'आय हॅड अ ब्लड टेस्ट', हीसुद्धा पूर्ण बरोबर वाक्यं आहेत. पण चष्म्याची काच बदलून घेतली हे सांगायला असं तयार नाम मिळत नाही, तिथे 'आय हॅड द लेन्स रिप्लेस्ड'च म्हणावं लागतं.